थंड इंजिनाची खडखड

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन दाजी घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे नाव त्याला चिकटवलं. ते असं काही बसलं की पुढे त्याची बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने हाक मारायला लागली. धंदा पियानो जुळवण्याचा. शाळा, सभागृहं, हौशी लोकांची घरं, जिथे म्हणून पियानो असेल तिथे हा आपली पिशवी घेऊन जायचा, झाकण उघडायचा, एकेका सुराच्या तारा किल्लीने पिळून पिळून एकमेकींशी जुळवायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. हात दुखले तर मलम आहे, डोळ्यांना चष्मा आहे, पण कान गेले की धंद्याला कुलूप, असं तो स्वतःच लोकांना हसत हसत सांगायचा. ही गोष्ट त्याचं ते हसणं बंद झालं तेव्हाची आहे.

त्याला गाडी घ्यायची होती. साधीसुधी नाही. इंग्लंडात बनलेली, दोनच दारांची, लांबलचक नाकाची, मुद्दाम लांबच्या प्रवासासाठी घडवलेली गाडी. नवी असताना तिच्याकडे फार वेळ बघत उभं राहिलं तरी शोरूमचा माणूस हटकायला यायचा. आता ती जुनी होऊन आवाक्यात आली होती. आणि अशा गाड्यांचं एक असतं, आणखी थोडी वर्षं गेली की लोक तिला 'क्लासिक' म्हणायला लागतात, मग ती पुन्हा आपल्या हातची जाते. म्हणजे घ्यायची तर आत्ताच.

हे वेड लागलं ते एका दारामुळे. फार पूर्वी एकदा तो सभागृहाच्या मागच्या बाजूला पिशवी घेऊन उभा होता. त्या दिवशी वाजवायला आलेले बडे पाहुणे अशाच गाडीतून उतरले आणि त्यांनी दार लावलं. धप्प. एकच आवाज, गोल आणि भरलेला, त्यात कुठे पत्रा नाही की काच नाही. पाहुण्यांनी नंतर काय वाजवलं ते कानसेनाला आज विचाराल तर सांगता येणार नाही, पण ते दार तो अजून ऐकवू शकतो. त्याच्या स्वतःच्या व्हॅनचं दार लावलं की शेजाऱ्यांची मांजर उठून आत जायची. शिवाय त्या गाडीत डोकावून बघावं तर सगळी ओळखीचीच मंडळी, अक्रोडाचं लाकूड, मऊ चामडं, लोकरीचा जाड थर. पियानोलाच कोणीतरी चाकं लावल्यासारखं वाटायचं त्याला. बायकोला तो कित्येक वर्षं म्हणत आला होता, आपण एकदा लांब जाऊ. कुठे, असं तिने विचारलं की म्हणायचा, लांब.

तर अशी एक गाडी विकायला निघाली होती. मालक दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. फोनवर त्यांनी मोठ्या आवाजात एकच अट घातली. "सकाळी या. मी गाडी आधी सुरू करून ठेवणार नाही. थंड इंजिन कसं बोलतं ते तुमच्या कानांनी ऐका." हे ऐकूनच कानसेन त्यांच्यावर खूश झाला. जुनी गाडी विकणारे बेरकी लोक गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात, म्हणजे काही दुखणं असेल तर ते झाकलं जातं. हा माणूस उलट दुखणं दाखवायलाच बोलावत होता.

बायकोला त्या दिवशी सुट्टी नव्हती. ती गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घ्यायची, म्हणजे शेजारच्या सीटवर मांडीवर गुणांचा कागद लावलेली फळी घेऊन बसायचं आणि शेवटी माणसाला तोंडावर सांगायचं, नापास. तिच्याऐवजी दाजी आले. दाजींना कोणी बोलावलं नव्हतं, पण गाडीचा विषय निघाला आणि दाजी आले नाहीत असं आजवर झालेलं नाही. त्यांना गाड्यांतलं सगळं कळतं, हे त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे.

डॉक्टरांच्या घरामागे गॅरेज होतं, स्वच्छ, पांढऱ्या टाइल्सचं, त्यांच्या दवाखान्याचीच एक खोली वाटावी असं. गाडी गडद हिरवी. कानसेनाने आधी दार उघडून लावून बघितलं. धप्प. त्याच्या अंगावर काटा आला.

"एक गोष्ट मी कोणापासून लपवत नाही," डॉक्टर म्हणाले. बोलताना ते मान किंचित वळवून डावी बाजू पुढे करायचे. "थंड इंजिन सुरू केलं की पहिले काही क्षण पुढून खडखड येते. आत एक चेन असते, ती ताणून धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा झिजलाय. मेकॅनिकनेच सांगितलं मला. आजवर जो जो बघायला आला, त्याला मी ऐकवली आहे. तुम्हीही ऐका."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन जागं झालं. दाजी उघड्या बॉनेटवर ओणवे झाले, डोळे मिटले आणि एक बोट वर केलं.

"ही. ही बघ. आली. ऐकलीस?"

कानसेन ऐकत होता. इंजिनाचा खालचा घुमारा ऐकू येत होता. पंख्याचा वारा, किल्लीच्या जुडग्याचं हलणं, पट्ट्याच्या बाजूने येणारी एक बारीक सूं, बाहेर कोणीतरी ओढत नेलेली बादली, सगळं ऐकू येत होतं. खडखड नव्हती.

"ऐकू येतेय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," कानसेन म्हणाला आणि त्याने मान डोलावली. "आहे थोडीशी."

हे आपण का म्हणालो, ते त्याला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. पण तोंडातून गेलं ते गेलं. मग गाडीत बसून एक फेरी झाली, स्टिअरिंग कसं लोण्यासारखं फिरतं यावर दाजींचं व्याख्यान झालं, आणि कानसेन म्हणाला, विचार करून कळवतो. डॉक्टरांचा चेहरा पडला. इतक्या प्रेमाने दार लावून बघणारा माणूस गाडी नेणार, असं त्यांना वाटलं होतं.

परत येताना दाजींच्या तोंडाला उसंत नव्हती. "खडखडीचं निमित्त कर आणि किंमत खाली आण. अरे, चांगलीच मोठी आहे ती. मला तर बाहेर फाटकापर्यंत आली असती."

कानसेनाला गुरुजी आठवत होते.

गुरुजी म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला ते. वय झालं तसे त्यांचे कान गेले, आणि कान जातात ते वरच्या टोकाकडून जातात. बारीक, धारदार आवाज आधी जातात, आणि ज्याचे गेले त्याला पत्ताही लागत नाही, कारण खालचं सगळं शाबूत असतं. गुरुजींनी जुळवलेल्या पियानोचे वरचे सूर कच्चे राहायला लागले. लोक त्यांना खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, छान झाला म्हणायचे, आणि ते कोपऱ्यावरून वळले की कानसेनाला फोन करायचे. हा जायचा आणि वरचे सूर गुपचूप पुन्हा जुळवून यायचा. गुरुजींना कोणी बोललं नाही. इतक्या मोठ्या माणसाला कसं सांगायचं? ते मात्र विचारायचे, तो वरचा सूर हलत नाही ना रे, आणि समोरचा नाही म्हणाला की समाधानाने मान डोलवायचे. त्या वेळी हा सगळा चांगुलपणा वाटला होता. आता गाडीत बसल्या बसल्या कानसेनाच्या मनात आलं, आपल्या मागून कोण जातंय?

एवढं मनात आलं आणि झालं. माणसाला एकदा घोर लागला की त्याला दुसरा उद्योग लागत नाही. सकाळी न्हाणीघरात कडी लावून तो मनगटावरचं घड्याळ काढायचा आणि आधी एका कानाला, मग दुसऱ्या कानाला लावायचा. टिकटिक ऐकू यायची. मग तो घड्याळ थोडं लांब धरायचा. तरी यायची. फ्रिज कोणत्या सुरात गुणगुणतो, नळाचा थेंब कुठे पडतो, सगळं यायचं. पण दाजींना आलेली, डॉक्टरांना आलेली, आलेल्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना आलेली खडखड त्याला आली नव्हती. बाकी काय काय ऐकू येतं याची यादी करून त्या एका गोष्टीचं उत्तर मिळत नव्हतं.

कामावर तर आणखी वाईट. शाळेतला पियानो त्याने जुळवला, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेतला, आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. संगीताच्या बाईंना म्हणाला, "वरचे सूर जरा बघता का?"

बाई चकित झाल्या. आजवर हा माणूस झाकण लावून, सही घेऊन सरळ निघून जायचा. त्यांनी वरच्या पट्ट्या वाजवल्या आणि म्हणाल्या, "छान झालाय की."

छान झालाय. अगदी हेच शब्द लोक गुरुजींना म्हणायचे. फाटकाबाहेर येऊन कानसेनाने वळून खिडकीतून बघितलं, तर बाईंनी खरंच फोन कानाला लावला होता. आता बाई कोणालाही फोन करत असतील. पण तो दिवसभर जेवला नाही, आणि डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले तेही त्याने उचलले नाहीत. गाडी हवी होती, फार हवी होती, पण ती घेतली असती तर रोज सकाळी किल्ली फिरवताना तीच परीक्षा आणि रोज तोच निकाल.

शेवटी एका सकाळी तो न्हाणीघराची कडी लावायला विसरला. बायकोने दार ढकललं, तर हा बादलीवर बसून कानाला घड्याळ लावलेला.

"वेळ डोळ्यांनी बघतात," ती म्हणाली.

मग त्याला सांगावंच लागलं. खडखड, दाजी, गुरुजी, संगीताच्या बाई, सगळं. "माझे कान चाललेत गं," तो म्हणाला. "आणि मी तिथे मान डोलावली. गुरुजींसारखी."

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, काहीतरीच काय, तुमचे कान चांगले आहेत. ही तसलं काही म्हणाली नाही. दाराला टेकून तिने सगळं ऐकून घेतलं.

"कानाच्या डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलो आणि काही निघालं म्हणजे?"

"निघालं तर निघालं. जाऊच आपण. पण आधी मला ती खडखड ऐकायची आहे. कोणाकोणाला ऐकू आली म्हणालात?"

"सगळ्यांना. दाजींना तर लगेच."

"दाजींना," ती म्हणाली. "स्वतःच्या खिशात फोन वाजला तर जे दुसऱ्यांकडे बघतात, ते तुमचे दाजी?"

इतके दिवस कानसेनाने स्वतःचे कान उलटेपालटे करून तपासले होते, पण दाजींचे तपासावेत हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आयुष्य ऐकण्यावर गेलेला माणूस, त्याला वाटायचं की लोक ऐकू आलं म्हणतात तेव्हा त्यांना ऐकू आलेलं असतं.

बायकोने स्वतः डॉक्टरांना फोन केला आणि सांगितलं, गाडी पुन्हा बघायची आहे, इंजिन थंड पाहिजे आणि मेकॅनिकही हजर पाहिजे. तिच्या आवाजात असं काही असतं की लोक हो म्हणतात.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते पोचले. मेकॅनिक आधीच येऊन गॅरेजच्या दारात चहा पीत उभा होता. बायकोने पहिली गोष्ट काय केली, तर बॉनेटवर तळहात ठेवून गाडी खरंच थंड आहे ना ते बघितलं. मग म्हणाली, "करा सुरू."

डॉक्टरांनी किल्ली फिरवली. कानसेनाने डोळे मिटले आणि जीव कानात आणून ऐकलं. घुमारा, पंखा, ती बारीक सूं. बस.

"मला काहीही ऐकू आलं नाही," बायको म्हणाली.

"हळू आहे जरा," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा सुरू करतो."

"काय हळू आहे?" मेकॅनिकने विचारलं.

"अरे, खडखड. चेनची. तूच नाही का सांगितलीस?"

मेकॅनिकने कप खाली ठेवला. "ती मागे सांगितली होती. मग तुम्हीच म्हणालात, विकायच्या आधी गाडी नीट करून दे. तेव्हा बाकीच्या किरकोळ कामांबरोबर तो तुकडाही बदलला की मी. आता कुठली खडखड? गाडी सोडायला आलो तेव्हा इथेच उभा राहून तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत."

डॉक्टरांनी इंजिन बंद केलं आणि सावकाश खाली उतरले.

"मी मान डोलावतो," ते म्हणाले. "ऐकू आलं नाही की मी मान डोलावतो. सारखं काय काय म्हणून विचारायचं लोकांना? आयुष्य त्या ड्रिलच्या शेजारी गेलं, उजवा कान तर नुसता चष्मा अडकवायला उरलाय." मग त्यांच्याच काहीतरी लक्षात आलं. "खरं सांगू का, ती खडखड मी स्वतः कधी ऐकलेलीच नाही. होती तेव्हाही नाही."

"मग इतक्या लोकांना ऐकवलीत ती?" बायकोने विचारलं.

"त्यांना यायची ना ऐकू. मी सांगायचो आणि ते म्हणायचे, हो, हो. एक गृहस्थ तर म्हणाले, फार आहे."

आधी मेकॅनिक हसला, मग बायको, मग डॉक्टर स्वतःच डोळे पुसत हसायला लागले. कानसेन हसला नाही. त्याने गाडीच्या टपावर दोन्ही हात टेकले. छातीवर इतके दिवस बसून राहिलेलं काहीतरी उठून चालू लागलं होतं आणि श्वास पार तळापर्यंत जात होता. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आपण रडतोय हे त्याला मागाहून कळलं.

नाक पुसून तो म्हणाला, "एक सूं मात्र येतेय."

"कसली?" मेकॅनिकचं हसणं थांबलं.

"पट्ट्याच्या बाजूने. बारीक आहे. पहिल्या दिवशीही होती, पण सगळे खडखड शोधत होते म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही."

पुन्हा इंजिन सुरू झालं. मेकॅनिकने लांब पेचकस त्याच्या हातात दिला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून टोक कुठे कुठे लावायचं ते दाखवलं. कानसेन एकेका जागी ऐकत गेला आणि पट्टा ज्यावरून फिरतो त्या छोट्या रोलरपाशी थांबला. "इथे." मेकॅनिकने पेचकस घेऊन स्वतः ऐकलं, इंजिन बंद करून रोलर हाताने फिरवला आणि मान हलवली. आतलं बेअरिंग कोरडं पडत होतं. मोठं काही नाही, बदललं की झालं, पण लांबच्या रस्त्यात दगा दिला असता.

"हे बदलून देतो, डॉक्टर," तो म्हणाला.

डॉक्टर मान डोलवणार होते, पण मध्येच थांबले. डावा कान पुढे करून म्हणाले, "पुन्हा सांग. आता मी नीट ऐकणार आहे."

गाडी घरी आली. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले, बायकोने सोडलं नाहीच. वयाच्या मानाने कान उत्तम, असं त्यांनी सांगितलं आणि वर्षाला एकदा दाखवत जा म्हणाले. दाजी गाडीला प्रदक्षिणा घालून गेले आणि जाताना म्हणाले, खडखड बरीच कमी झालेली दिसते. कानसेन म्हणाला, तुमचीच कृपा.

मग एका मोकळ्या सकाळी दोघं निघाले. कुठे, असं या वेळी तिने विचारलं नाही. गाव मागे पडलं, रस्ता रुंद झाला आणि ते लांब नाक संथ सुरात पुढे जायला लागलं. तो चालवत होता, ती शेजारी बसली होती. फळी नव्हती, पण हात मांडीवर फळी धरल्यासारखेच होते.

बराच वेळ मनात घोळत होतं ते त्याने शेवटी विचारलं. "त्या दिवशी तुला खरंच काही ऐकू आलं नव्हतं ना? की मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस?"

"लग्न झाल्यापासून तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही बोलले आहे?"

त्याने आठवून बघितलं. त्याची मिशी, त्याचं गाणं, त्याने हौसेने रंगवलेली खोली, लग्नातला त्याचा कोट. प्रत्येकाचा निकाल तिने त्या त्या वेळी रोखठोक लावला होता. एकदाही नाही, हे त्याला कबूल करावं लागलं.

"मी शाळेत जाऊन आले," ती समोर बघत म्हणाली. "त्या संगीताच्या बाईंकडे. म्हटलं, यांच्या कामात कधी काही खटकलं तर दुसऱ्या कोणाला बोलवायचं नाही, फोन मला करायचा. सभागृहातही सांगून ठेवलंय. त्या दिवशी बाई फोनवर कोणाशी बोलत होत्या तेही विचारलं. नवऱ्याला बटाटे आणायला सांगत होत्या."

समोरचा रस्ता पाणावला होता.

"गुरुजींसारखं तुमचं होऊ देणार नाही मी," ती म्हणाली. "ज्या दिवशी वरचे सूर जातील, त्या दिवशी मीच सांगेन."

"नक्की सांगशील?"

"तोंडावर सांगेन. नापास म्हणून." मग ती म्हणाली, "डोळे पुसा आधी. आणि मागून ट्रक येतोय, आरसा बघा."

त्याने डोळे पुसले आणि आरसा बघितला.